पोशीरहून निघालेला निरोप

कुंभिवलीच्या त्या संध्याकाळची गोष्ट मी आजवर इतक्या वेळा सांगितली आहे की सांगताना आता मलाच जांभई येते. सांगायला लावतात ना! कार्यकर्त्यांचं शिबिर असलं की कुणीतरी उठतं — मास्तर, तो कुंभिवलीचा पडदा सांगा. मग मी सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात. आणि दर वेळी मी एक तुकडा गाळतो. तो तुकडा बायकोला ठाऊक नाही, माझ्याबरोबर मशीन फिरवणाऱ्या दत्तूलाही ठाऊक नव्हता. तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू — माहीत नाही. टाळ्यांचा वैताग आला, एवढंच म्हणा.

तर आधी बाकीचं सांगून घेतो. लगेच मुद्द्यावर यायचं धाडस अजून होत नाही.

युद्ध संपलं होतं आणि स्वराज्य उंबरठ्यावर आहे असं सगळे म्हणत होते. मी कर्जतच्या शाळेतून काढून टाकलेला मास्तर. वेठीविरुद्ध बोलतो म्हणून काढलेला, त्यामुळे मोकळा वेळ भरपूर आणि अहंकार त्याहून जास्त. आमच्या भागात तेव्हा रीत अशी होती की कुळानं भात कापायचं, भारे बांधून मालकाच्या खळ्यावर न्यायचे, तिथे फुकट झोडून द्यायचं, आणि मालकाचा माणूस मोजून देईल ते मुकाट्यानं घरी आणायचं. पोशीरच्या कुळांनी एका वर्षी हे मोडलं. सगळ्यांनी मिळून भारे आपापल्या खळ्यावर नेले. पुढे होता चांगो — तिशीतला, उंच, सारखा हसणारा माणूस. आमच्या कामाबद्दल आस्था असलेला मुंबईचा एक छायाचित्रकार नेमका तेव्हा आला होता. त्यानं ते सगळं कॅमेऱ्यात धरलं. कापणी, भारे, खळं, झोडणी, आणि बैठकीत वर झालेले हात. एक रीळ. मुकं.

मुकं होतं म्हणून मी. हातानं फिरवायचं मशीन दत्तू चालवायचा, दिव्याला मोटारीची जुनी बॅटरी, दोन धोतरं जोडून शिवलेला पडदा, आणि पडद्याच्या बाजूला उभा राहून बोलणारा मी. कापणीच्या आधी गावोगाव जाऊन हे दाखवायचं, लोकांना पटवायचं — त्यांनी केलं, तुम्हीही करा. किती सोपं! कर्जतला आमच्या संघटनेच्या कचेरीत बसून ठरवताना तर फारच सोपं वाटलं होतं.

आता ऐका काय व्हायचं ते. लोक बैल बघायचे! मी इकडे घसा फोडून सांगतोय की हे पाहा शेतकऱ्यांचं ऐक्य, आणि पुढच्या रांगेत वाद चाललाय की डावा बैल खिल्लारी की गावठी. एका गावात अर्धी माणसं पडद्याच्या मागच्या अंगाला जाऊन बसली, कारण तिथून भारे उलट्या दिशेनं जाताना दिसतात आणि त्याचीच त्यांना मौज. एका गावात बायकांनी पडद्याला हळदकुंकू लावलं. ते धुऊन जाईना. पुढे कित्येक दिवस चांगोच्या पोटावर कुंकवाचा डाग! आणि एका ठिकाणी तर साक्षात मालकच खाट टाकून पुढे बसला, शेवटपर्यंत पाहिलं, आणि म्हणाला, छान आहे, परत आणा. गावकऱ्यांनीही माना डोलावल्या. छान होता सिनेमा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या अंगणात वेठीला हजर. कपाळावर हात मारून घ्यायचा नाही तर काय करायचं?

मला लोकांचा राग यायचा. हेही कबूल करतो. ज्यांच्यासाठी नोकरी गेली त्यांचाच राग.

मग कशेळ्याला एक गंमत झाली. मी नेहमीचं पुराण लावलं होतं, लोक नेहमीसारखे बैल बघत होते, तेवढ्यात एक म्हातारी ओरडली — अगं बया, ह्यो तर माज्या लेकीचा दीर! झालं. सगळे सावरून बसले. कोण? कुठला? अमक्याचा तमका? बरं चाललंय का त्याचं? मालकानं काय केलं त्याला? पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं, की मालकानं काय केलं. तोपर्यंत पडद्यावरची माणसं त्यांच्या लेखी चित्रातली होती. सोयरा निघाल्यावर ती माणसं झाली. मला ते पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं. परतताना मी दत्तूला म्हटलं, आपण वेडे आहोत, भाषण कशाला करायचं, नातं शोधायचं.

आणि कुंभिवलीत चांगोची सख्खी बहीण दिलेली होती. येसू.

कुंभिवली खालापूरकडची. तिथले मालक जबर, कुळं बुजलेली, आणि कापणी तोंडावर आलेली. कुंभिवलीनं पाऊल उचललं तर आजूबाजूची गावं उचलतील, नाहीतर हंगाम गेला, असं आमचं गणित. म्हणून मी येसूला आधीच कळवून ठेवलं होतं की तुझा भाऊ पडद्यावर येणार आहे. सगळ्या गावाला सांग. तिनं सांगितलं असणारच. कुठली बहीण सांगणार नाही?

त्या सकाळी आम्ही नेरळच्या स्टेशनात होतो. आदल्या दिवशी जवळच्याच एका गावात खेळ केला होता. दत्तू बॅटरी चढवायला पुढे गेला होता आणि मी सामानापाशी. तेव्हा चांगोचा चुलता, महादूकाका, रुळांच्या बाजूनं धावत आला. पोशीरहून पायीच आला होता. मला पाहून आधी रडलाच. पहाटे बांधावर चांगोला पान लागलं होतं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. उजाडायच्या आत गेला.

काका म्हणाला, "मास्तर, तुमी कुंभिवलीलाच चाललाव ना? येसूच्या कानावर घाला. म्हनावं आमी थांबतो. भैनीबिगर उचलनार नाय."

खरं तर असा निरोप घेऊन घरचा माणूस जातो. पण मास्तर त्याच गावाला निघालेला, शिकलेला, चांगोचा दोस्त. मग आणखी माणूस कशाला धाडायचा? त्यांनी दुसऱ्या कुणाला पाठवलंच नाही. मी सांगतो म्हणालो. काकाच्या खांद्यावर हातही ठेवला. त्या क्षणी मी ते मनापासून म्हणालो होतो — निदान मला तरी तसं वाटतं. की तेव्हाच डोक्यात काही शिजायला लागलं होतं? इतक्या वर्षांनी कसं सांगणार?

दत्तू परत आला. कोण होता म्हणाला. मी म्हटलं, पोशीरचा काका, सहज भेटायला आला होता. बघा, इथूनच सुरू झालं. दत्तूला न सांगण्याचं काय कारण होतं? काहीच नाही. पण दत्तू चांगोच्या जिवाचा, तो म्हणाला असता, पडदा गुंडाळा आणि आधी बहिणीला घेऊन चला. ते मला ऐकायचं नव्हतं.

कर्जतला गाडी बदलून खोपोलीच्या गाडीत बसलो आणि सबंध वाट मी स्वतःशी वकिली करत होतो. बातमी कळली तर कुंभिवलीत आज पडदा लागत नाही. येसूच्या सासरची सगळी आळी उठून पोशीरला जाणार. मग सुतक, मग दिवस, तोवर भात कापून मालकाच्या खळ्यावर. चांगोलाही हे आवडलं नसतं, असं मी म्हटलं. मेलेल्या माणसाच्या आवडीनिवडी किती सोयीच्या असतात, नाही? हे सगळं मी पुढे फार सफाईनं मांडायला शिकलो. पण त्यात खरं किती होतं? मला एकदा तरी, एका तरी गावात, माझं बोलणं ऐकून लोक उठायला हवे होते. हसं होऊन होऊन मी विटलो होतो. बस्स.

कुंभिवलीला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. खोपोलीहून दुपारी एक गाडी होती आणि संध्याकाळी एक. दुपारची मिळाली असती तर येसू दिवसाउजेडी पोशीरला. संध्याकाळची मिळाली असती तरी दिवे लागल्यावर का होईना, पोचली असती.

ती वेशीपाशीच उभी होती. चांगोसारखीच उंच. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली. गावात दोन दिवस तिचीच चर्चा होती म्हणे, पडद्यावरच्या माणसाची बहीण. तिनं आम्हाला घरी नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं, आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकता टाकता विचारलं —

"मास्तर, चांगो बरा हाय ना?"

हाच तो तुकडा. की ह्याच्या अलीकडे आणखी एक, पलीकडे आणखी एक... पण हा मधला. मी घास गिळला आणि म्हणालो, बरा आहे. एवढंच म्हणून थांबलो असतो तरी — नाही, मी पुढे म्हणालो, तुमची आठवण काढत होता.

ती खूश झाली. भाकरीवर तूप घातलं. मी ते खाल्लं.

दुपारची गाडी गेली. संध्याकाळचीही गेली. मी पडदा ताणत होतो, दोऱ्या बांधत होतो, मुद्दाम कामात होतो. कुणी विचारलं तर सांगायला वेळच मिळाला नाही म्हणता येईल, असं मनात. पण मला विचारणार कोण होतं?

दिवे लागले आणि आम्ही मशीन सुरू केलं. सारा गाव लोटला होता. चांगो पडद्यावर आला, भारा डोक्यावर घेऊन, आमच्याकडे बघून हसत. येसू उभी राहिली. ह्यो माजा भाव! मग लोकांकडे वळून पुन्हा तेच. चांगो भारा घेऊन बांधावरून चालायला लागला तशी ती पडद्याकडे बघून ओरडली, "हळू रं चांग्या, पडशील!" लोक हसले. तीही हसली. मी पडद्याच्या बाजूला उभा राहून बोलत होतो. बोलत काय होतो? चांगो म्हणतो, भिऊ नका. चांगो म्हणतो, मालक काही खात नाही. यंदाही चांगो भारे आपल्याच खळ्यावर नेणार आहे. नेणार आहे! तिकडे त्याला अंगणात ठेवून माणसं बहिणीची वाट बघत होती आणि इकडे मी त्याला बोलता करत होतो. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. त्या दिवशी मी जितका चांगला बोललो तितका पुन्हा कधी बोललो नाही.

येसू म्हणाली, परत दाखवा. दत्तूनं रीळ परत लावलं. दुसऱ्यांदा बैलाबद्दल कुणी बोललं नाही. संपल्यावर येसूनं घरातून सुपात भात आणलं, पडद्यापुढे ठेवलं, आणि नवऱ्याला म्हणाली, लाव हात. त्यानं लावला. मग घरटी एक माणूस पुढे आला आणि भाताला हात लावून बोलला की यंदा माझा भारा माझ्या खळ्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

शिबिरातली गोष्ट मी इथे संपवतो. टाळ्या इथे पडतात.

पहाटे मी तिला उठवून सांगितलं. सांगताना म्हणालो की निरोप रात्री आला, उशिरा, तुम्ही सगळे निजला होतात. म्हणजे आणखी एक खोटं. तिनं विचारलंही नाही की निरोप आणला कुणी. ती ओरडत बाहेर पडली आणि आम्ही पहिल्या गाडीनं निघालो — ती, तिचा नवरा आणि मी. दत्तूला मी सामानापाशी मागे ठेवलं. मी कशाला गेलो? न गेलो तर संशय येईल म्हणून.

पोशीरला अंगण सारवून झालं होतं. पान लागलेला देह, त्यात आश्विनातलं ऊन. अंग काळंनिळं पडलं, सुजलं, तरी त्यांनी दिवसभर ठेवलं होतं. महादूकाका नेरळच्या स्टेशनात बसून होता. कर्जतकडून येणारी प्रत्येक गाडी बघत होता. संध्याकाळच्या गाडीतूनही ती उतरली नाही तेव्हा तो परतला आणि मग उचललं. आम्ही पोचलो तेव्हा चितेची राख अजून ऊन होती.

अंगणात सगळी माणसं होती. काका येसूला म्हणाला, आवाज न चढवता, "दिसभर वाट पायली गं. निरोप तर कालच सकाळी धाडला व्हता, मास्तरांसंगं."

येसूनं माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीपाशी उभा होतो. मी तोंड उघडायचं होतं. आत्ता, ह्या क्षणी, सगळे ऐकताहेत — एवढं सोपं पुन्हा कधीच होणार नव्हतं. मी जमिनीकडे पाहिलं.

आणि ती म्हणाली, "मलाच येता आलं नाय."

चांगोच्या बायकोनं तोंड फिरवलं. काकानं मान खाली घातली. येसूच्या नवऱ्याला काही कळेना. तो बोलायला गेला तर तिनं त्याचा हात दाबला. सिनेमा बघत बसली ती, असं मागून कुणीतरी बाई पुटपुटली. ते खोटं तरी कुठे होतं?

विहिरीपाशी ती मला एकटी भेटली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मास्तर, गावात कुनाला सांगू नका. लोकं मोडतील. भात घरात येईस्तवर तरी नको."

ह्या वाक्यामागे मी आयुष्यभर लपलो. तिनंच सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून? पण तिनं मुदत घातली होती, राव! भात घरात येईस्तवर. भात त्याच हंगामात घरात आलं. कुंभिवलीतला एकही भारा मालकाच्या खळ्यावर गेला नाही. मालकानं दम दिला, माणसं घातली, कुणी हललं नाही. शेजारच्या गावांनीही तेच केलं. आमचं गणित बरोबर निघालं. आता पोशीरला जाऊन चार वाक्यं बोलायची होती. गेलो का? नाही. त्या वर्षी दिवाळीला तिला माहेरचं बोलावणं आलं नाही. भाऊबीजेला चांगोची पोरं तरी येतील म्हणून ती ओवाळणीचं ताट घेऊन बसली होती, असं तिचा नवरा मला म्हणाला. मी म्हटलं, येतील पुढच्या वर्षी.

पुढच्याही वर्षी आली नाहीत. चांगोची बायको म्हणायची, जिला भावाचं तोंड बघायला सवड नव्हती तिचं आमच्याकडे काम काय. पोरं हेच ऐकत मोठी झाली. मी पोशीरला जायचो, त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायचो, येसूबद्दल ते वाटेल ते बोलायचे आणि मी ऐकून घ्यायचो. एकदा तर मी हो ला हो केलं. तुम्हाला वाटत असेल, मग येसूनंच का नाही सांगितलं? मलाही वाटायचं. वैताग यायचा तिचा. हो, तिचाच! बोल ना बाई, एकदाची बोल, माझी सुटका कर, असं मनात यायचं. माझं तोंड माझ्याजवळ असताना मी तिच्या तोंडाची वाट बघत होतो. ती मला कुठे भेटली की विचारायची, मास्तर, बरं हाय ना? मी म्हणायचो, बरं आहे.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. पिकलं पान होती, दुखणं लांबलेलं. मी कुंभिवलीला गेलो. बाईमाणूस गेलं की माहेरचं लुगडं यावं लागतं, ते घालून तिला न्यायचं. पोशीरला निरोप गेला होता. या खेपेला तिचा धाकटा मुलगा स्वतः गेला होता. तिथून कुणी आलं नाही. माणसं थांबली. कुणीतरी म्हणालं, अजून थोडं थांबू. मग सुनेनं पेटीतलं एक लुगडं काढलं, सासरचंच, आणि बायका आत गेल्या.

बाहेर मला बोलायला सांगितलं. मी कुंभिवलीच्या पडद्याबद्दल बोललो, शिबिरात संपवतो तिथपर्यंत.